वॉशर वरच्या मजल्यावर आणताना
न्यू जर्सीतल्या जुन्या घराचं काम काढलंच आहे तर बेसमेंटमधलं वॉशर वर बेडरूमजवळ आणायचंय, फ्रंट लोड घेऊ का टॉप लोड, असं विचारलंयत. फ्रंट लोडच घ्या, पाणी कमी लागतं आणि कपडे छान पिळून निघतात, पण जमीन उघडी आहे तोवर खालचे जॉइस्ट, म्हणजे जमीन पेलणाऱ्या लाकडी तुळया, तपासून घ्या, कारण लाकडी जमिनीवर स्पिनला मशीन जे हादरतं ना, आमच्याकडे खालच्या कपाटातल्या वाट्या वाजायच्या. जॉइस्टमधे आडवे ठोकळे मारून वर जाड प्लायवुड टाकलं तेव्हा कुठे थांबलं. मशीनखाली ड्रेन पॅन, म्हणजे गळलेलं पाणी झेलणारा ट्रे, हवाच, आणि त्याला पाईप जोडलाय ना ते स्वतः बघा. आणि हो, आधी जिन्याचं वळण मोजा! नेहमीचं मशीन २७ इंच रुंद असतं, नाहीच गेलं तर २४ इंची मिळतं.