मदत हवी आहे: कुसळांच्या कामाला बुरा आलाय, पण वार्निश मारायचं नाही

मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

गेल्या नोव्हेंबरात सुप्याजवळच्या माळरानावर कलाकारांच्या रेसिडेन्सीसाठी तीन आठवडे राहिले. अट एकच: रंग-कॅनव्हास न्यायचा नाही, तिथे हाताला लागेल त्यातूनच करायचं. मयूरेश्वर अभयारण्य शेजारीच, पण आतून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, १९७२चा वन्यजीव कायदा आहे. म्हणून बाहेरच्या पडीक रानातून, मालकाला विचारून गोळा केलं. मारवेल, पवना ही गवतं, बाभळीच्या शेंगा, आणि सलवारीला चिकटून आपणहून खोलीवर आलेली कुसळं.

एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. खाली टोकदार बी, त्यावर उलटे बारीक केस, वर सुतळीसारखा पीळ असलेली काळसर शेपटी. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी जमिनीत शिरतं. (मेंढीच्या कातडीतही शिरतं. धनगर या गवताला मनापासून शिव्या देतात.) ते पाहिलं आणि बाकीचं सगळं बाजूला ठेवलं.

तिथल्या एका आजींनी जुन्या घोंगडीचा दीड हात तुकडा दिला आणि घोंगडीला देतात ती चिंचोक्याची खळ शिजवायला शिकवलं. त्या खळीने चारेकशे कुसळं बीच्या बाजूने चिकटवली, शेपट्या मोकळ्या. पहाटेच्या दवात शेपट्या सैल, उन्हं चढली की आवळलेल्या. चित्र दिवसातून दोनदा बदलायचं. आजी म्हणाल्या, "आमी जलमभर घोंगडीतनं कुसळं उपटली, आन् तू चिकटवतीस व्हय!"

आता गिरगाव, चाळीतली खोली, जुलै. मागच्या आठवड्यात तुकडा कपाटावरून काढला तर खळीच्या प्रत्येक ठिपक्यावर पांढरा-हिरवट बुरा. शेपट्या सुटून सरळ झाल्यात, हलायचं नाव नाही. ऑगस्टअखेर प्रदर्शनात लावायचंय.

डांबराच्या गोळ्या ठेवून झाल्या, वासापलीकडे उपयोग शून्य. फ्रेमवाला म्हणतो वार्निश मारा, नाहीतर सिलिका जेल टाकून काचेत बंद करा. वार्निश मारलं की ओल आत जाणार नाही, आणि सिलिकात शेपट्या कायमच्या आवळलेल्या राहणार. बुरा जाईल, पण कामही जाईल. एका मित्राचं म्हणणं, खळीत मोरचूद घालायचं होतंस, बुक बाइंडर चिकटवायच्या लईत घालतात तसं. पण ते विष, आणि पोरं हात लावणारच.

हवा खेळती ठेवून बुरा कसा थांबवायचा? कुणी असं काही केलंय का?

प्रतिसाद १

ताई, बुरा कुसळांना नाही, खळीला आलाय. खळ म्हणजे त्याचं जेवण. ती काढा, गवताला काही करू नका. आम्ही कॉलेजात हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) शीटवर जाड देठ दोऱ्याने टाचायचो, तसे टाके घाला.

आधी मास्क लावून चाळीच्या गॅलरीत कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलंत तर बुरा पसरेल. मग पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये. लोकरीला कसर (लोकर खाणारी कीड) असेल तर मरेल; बुरा मरत नाही, नुसता झोपतो, म्हणून झाडणं टाळू नका. बाहेर काढल्यावर पिशवी तासन्‌तास तशीच राहू द्या. लगेच उघडलीत तर थंड लोकरीला पाणी सुटेल.

धागाकर्ती

चारशे टाके! पण पटलं. झाडून, फ्रीझर करून झालं. काल वीस कुसळांची खळ ओल्या कापसाने सोडवली आणि तुकडा पंख्याखाली ठेवला. वाळता वाळता शेपट्यांनी पीळ घेतला आणि पाच-सहा बिया आपणहून घोंगडीत रुतल्या. ओढून पाहिलं, येत नाहीत. उलटे केस लोकरीत अडकलेत. उरलेल्यांना आता आधी तीन-चारदा ओलं-कोरडं करून बघते, मगच सुई काढते.