वजनाचं इंजेक्शन सुरू केलं की कायमचं का?

गोदाकाठ: वय 43, उंची पाच फूट दोन, वजन 91. साखर काठावर, जिना चढताना गुडघे दुखतात. डॉक्टरांनी मौंजारो सुचवलंय, आठवड्यातून एकदा. सासूबाई म्हणतात, "तोंडाला आवर घाल, पैसे कशाला घालवतेस?" घेणाऱ्यांनी खरं सांगा, बंद केल्यावर काय होतं?

सुमेधा_सातारा: ताई, मी सव्वा वर्ष घेतेय. 96 वरून 79 वर आले. आधी सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. वीस वर्षं मी तोंडालाच आवर घालत होते. दुसऱ्या आठवड्यात डब्यातली तिसरी पोळी तशीच घरी आली आणि मी ओट्यापाशी उभी राहून रडले. पोट भरलं हे शरीराने आतून सांगणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं. तो माझा आळस नव्हता.

आता त्रास. डोस 2.5 मिलिग्रॅमवरून 5 वर नेला तेव्हा पंधरा दिवस मळमळ होती, फोडणीचा वास सहन होईना. पोट साफ होत नव्हतं. डॉक्टरांनी डोस वाढवायची घाई केली नाही, म्हणून निभावलं.

मध्ये घरात लग्न निघालं. खर्च झेपेना म्हणून तीन महिने बंद केलं (2025 मध्ये आलं तेव्हा 5 ची एक कुपी 4375 रुपयांना होती, महिन्याला चार). भूक जशीच्या तशी परत आली, वजन 6 किलो वाढलं. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या अभ्यासातही बंद केल्यावर वर्षभरात कमी झालेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. बीपीच्या गोळीसारखं लांब पल्ल्याचं औषध समजा आणि पैशांचा हिशोब आधीच मांडा. वजनाबरोबर स्नायूही जातात. मी दोन अंडी, मुगाचं धिरडं सोडत नाही, आणि पाण्याच्या बाटल्या उचलून व्यायाम करते.

औषधवाला: दुकानात रोज बघतो म्हणून सांगतो, चिठ्ठीशिवाय घेऊ नका. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल किंवा तुम्हाला स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर सुरुवातीचे आणि प्रत्येक डोस वाढीनंतरचे 4 आठवडे दुसरं साधन वापरा. सेमाग्लुटाइडचं पेटंट आपल्याकडे मार्च 2026 मध्ये संपलंय, म्हणजे इतर कंपन्याही ते बनवू शकतात, तोही पर्याय विचारा.

गोदाकाठ: आईला थायरॉइड आहे, सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. तेच का?

औषधवाला: ती गोळी बहुधा हार्मोन कमी असल्याची, ते वेगळं. तरी आईची फाइल सोबत न्या.