सिनेगॉगचा (ज्यू प्रार्थनागृहाचा) प्रमुख: हिशेबाचा चोख की तोराह (मोशेचे पाच ग्रंथ) जाणणारा?

कोकणकडा: बेने इस्राएलींकडे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंकडे, पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचा रब्बी (धर्मगुरू) नव्हता. कारभार मुकादमाकडे, प्रार्थना हझानकडे. तरी समाज टिकला, म्हणून मी म्हणतो, प्रमुखाचा पहिला गुण हिशेब. तोराहतल्या ‘निर्गम’ ग्रंथाच्या १८व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला कसली माणसं निवडायला सांगतो? कर्तबगार, देवभीरू, सत्यप्रिय, लाचेचा तिटकारा असलेली. विद्वत्तेचं नावही नाही. ३८व्या अध्यायात तर देवाच्या मंडपाच्या चांदीचा अख्खा ताळेबंद आहे: पुरुष ६,०३,५५०, माणशी अर्धा शेकेल (चांदीचं वजन), एकूण ३,०१,७७५. किक्कार म्हणजे ३,००० शेकेल. १०० किक्कारांच्या १०० उथळ्या (बैठका) ओतल्या, उरलेले १,७७५ खांबांच्या आकड्यांना (हुकांना) आणि मढवणीला. मोशेलाही जमाखर्च चुकला नाही!

अर्धविराम: सोयीचं तेवढं वाचलंत. तोराहच्याच ‘अनुवाद’ ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात मोशे हीच नेमणूक पुन्हा सांगतो, तिथे ‘ज्ञानी, समंजस’ आलंय. आणि शब्बाथच्या (शनिवारच्या) सकाळी काय होतं ते बघा. सात जणांना तोराहपाशी बोलावतात. तोराहच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, चालीच्या खुणाही नसतात. दोन्ही आधी घोकून यावं लागतं. अर्थ बदलेल असा शब्द चुकला की तिथल्या तिथे परत वाचायला लावतात. चूक पकडणारा कानच समोर नसेल तर ताळेबंद काय कामाचा?

कोकणकडा: ते हझानचं काम. हझान पगार देऊन आणता येतो, मुकादम नाही.

तिसरी सही: दोघंही गुणी माणूस शोधताय. तालमूद (जुन्या रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) माणसावर एवढा विसंबत नाही. धर्मादाय गोळा करायला किमान दोघे, वाटायला तिघे. कारण कुणाला किती द्यायचं हा निवाडा असतो आणि पैशाच्या निवाड्याला तीन न्यायाधीश लागतात. मंडपाचा कारागीर बसालेल याला खुद्द देवाने निवडलं, तरी लोकांना विचारून घे असं मोशेला सांगितल्याची कथा तिथेच आहे. तिजोरीच्या किल्ल्या एकाच घराण्यात फिरत राहिल्या तर तुमचा चोख मुकादमही संशयातून सुटत नाही.

अर्धविराम: तिघे आणायचे कुठून? इस्राएलला स्थलांतर झाल्यावर कोकणातली कितीतरी घरं बंद झाली. जुन्या रिवाजात मिन्यानला (सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येला) तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊच जमले तर गुंडाळीचं वाचन नाही, कद्दिश (स्तुतिप्रार्थना) नाही.

तिसरी सही: मग दहाव्याला फोन कोण करतो ते सांगा. मी त्यालाच मत देईन.

कोकणकडा: फोनचं बिल मात्र वहीत लिहा.