वायफाय कॉलिंगची निशाणी दिसते, आउटगोइंग लागतो, पण थोड्या वेळाने इनकमिंग येतच नाही (गावचं घर)

चिरेखाण
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून इथे विचारतोय. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, वाडी अगदी खोलगट जागेत, तिन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे विहिरीपाशी उभं राहिलं तर रेंजची एक काडी आणि घरात शून्य. आईबाबा दोघंच असतात, मी ठाण्याला. गेल्या वर्षी गावातल्या केबलवाल्याने फायबर आणलं, ३० एमबीपीएसचा प्लान घेतला आणि बाबांच्या फोनवर वायफाय कॉलिंग (म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून साधा फोन) सुरू करून दिलं. पहिल्या दिवशी एकदम खणखणीत आवाज, बाबा खूश. वायफायच्या त्या निशाणीला ते पंखा म्हणतात, "फोनाच्या बाजूला पंखा आला की बोलायचं" असं त्यांचं गणित.

आता अडचण अशी आहे की पंखा दिसत असतो, ते स्वतः लावतात तेव्हा फोन लागतो, पण मी लावला की "आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती..." वगैरे. मग बाबांनी वायफाय बंद करून चालू केलं की पुढची दहा-एक मिनिटं इनकमिंग व्यवस्थित येतो आणि नंतर परत गप्प. परवा आईला बरं नव्हतं, मी तासभर फोन करतोय आणि फोन बाबांच्या समोर टेबलावर पंख्यासकट पडलेला, वाजतच नाही. बँकेचे ओटीपीही कधी येतात, कधी दोन तासांनी चार एकदम. फोन तीन वर्षं जुना अँड्रॉइड, दोन सिम आहेत, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण कस्टमर केअरने तीन वेळा "फोन रिस्टार्ट करा" एवढंच सांगितलंय. शनिवारी शिमग्याला गावी जातोय, तिथे गेल्यावर काय काय तपासू?

रेंजशोधक
आधी साध्या गोष्टी. दोन सिम आहेत म्हणालात, तर वायफाय कॉलिंग प्रत्येक सिमला वेगळं चालू करावं लागतं, ज्या नंबरवर तुम्ही फोन करता त्याच सिमचं चालू आहे का ते बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. दुसरं म्हणजे व्होल्टी (४जी वरून कॉल करायची सोय) पण चालू असलं पाहिजे. तिसरं, आणि तुमच्या केसमध्ये मला हेच वाटतंय, सेटिंगमध्ये सिमच्या आत वायफाय कॉलिंगवर दाबलं की बहुतेक अँड्रॉइडवर कॉलिंग प्रेफरन्स असा पर्याय येतो, तिथे "मोबाईल नेटवर्क" निवडलेलं असेल तर ती विहिरीवरची एक काडी घरात जराशी जरी डोकावली तरी फोन वायफाय सोडून तिच्यामागे धावतो, ती जाते, मग परत वायफायकडे येतो, या येण्याजाण्यात तुमचा कॉल हरवतो. तिथे वायफाय करून टाका.

खात्री करायची सोपी युक्ती: एअरप्लेन मोड लावा आणि नंतर फक्त वायफाय चालू करा. आता मोबाईल टॉवरचा संबंधच संपला, जे काय येईल जाईल ते वायफायवरूनच.

नुसता_वाचक
एवढी भानगड कशाला, व्हॉट्सअॅप कॉल करा की.

चिरेखाण
@नुसता_वाचक, करतोच हो. पण गॅस एजन्सी, बँक, तालुक्याचा डॉक्टर आणि आमची कीपॅडवाली आत्या यातलं कोणी व्हॉट्सअॅपवर नाही. आणि ओटीपीचं काय करू?

@रेंजशोधक, सिम बरोबर आहे, व्होल्टी चालू आहे. प्रेफरन्स बाबांना फोनवरून विचारून बघितला, खरंच मोबाईल नेटवर्क होता, बदलायला लावला. फरक पडला पण थोडाच, मघाशी परत वाजला नाही.

अल्जी_बंद_करा
राउटरमध्ये सिप एएलजी नावाचं सेटिंग असतं, इंटरनेट फोनच्या कॉलमध्ये ढवळाढवळ करणारं, ते बंद करा, माझ्या ऑफिसच्या इंटरनेट फोनचा प्रॉब्लेम त्यानेच गेला होता.

वायरमन_७०
सिप एएलजीने इथे काही होणार नाही, ऑफिसच्या इंटरनेट फोनची गोष्ट वेगळी. वायफाय कॉलिंगमध्ये तुमचा फोन आधी सिमकंपनीच्या गेटवेपर्यंत एक एन्क्रिप्टेड बोगदा खणतो, आयपीसेक म्हणतात त्याला, सिमवरूनच ओळख पटवतो आणि मग कॉल, एसएमएस सगळं त्या बोगद्यातून जातं. कोकणातल्या माणसाला बोगदा समजवायला नको. कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या बोगद्यात गाडी शिरल्यावर आत काय चाललंय हे बाहेरच्याला दिसत नाही, तसंच राउटरला आतलं सिप (कॉल जोडायची बोलणी) दिसतच नाही, मग त्याचं एएलजी चालू असो नाहीतर बंद.

पण बोगद्याचं तोंड राउटरला दिसतं. हा बोगदा यूडीपी पोर्ट ५०० आणि ४५०० वरून जातो. तुमच्या फोनने बाहेर काही पाठवलं की राउटर एक नोंद करून ठेवतो, की या पत्त्यावरून उत्तर आलं तर या फोनला द्यायचं. काही वेळ कोणीच काही बोललं नाही तर राउटर ती नोंद पुसून टाकतो. नोंद जिवंत राहावी म्हणून फोन अधूनमधून एक छोटं पॅकेट टाकत असतो, पण राउटर फारच घाईने पुसणारा असेल किंवा फोन बॅटरी वाचवायला गाढ झोपला असेल तर मध्येच नोंद जाते. फोनला वाटतं बोगदा आहे, म्हणून पंखा तसाच. कंपनीला वाटतं बोगदा आहे, म्हणून ती कॉल तिकडेच पाठवते, आणि तो राउटरच्या दारात मरतो. बाबा स्वतः लावतात तेव्हा फोन जागा होतो, आतून बाहेर जातो, नवी नोंद होते, म्हणून आउटगोइंग चालतो. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत. ओटीपी दोन तासांनी चार एकदम येतात तेही यातच बसतं.

शनिवारी असं करा. बाबांचा फोन घेऊन जिथे रेंज चांगली आहे तिथे जा, दुसऱ्या कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट घ्या, बाबांच्या फोनला एअरप्लेन मोड लावून वायफायने त्या हॉटस्पॉटला जोडा. स्क्रीन बंद करून वीस मिनिटं हात लावू नका. मग त्यावर फोन करा. वाजला तर फोन आणि सिम निर्दोष, घरचा डबा (राउटर) दोषी. नाही वाजला तर फोनची बॅटरी सेटिंग बघायची.

फोनमध्ये व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं काही टाकलंय का? असेल तर काढा, ते पण कधीकधी बोगद्याच्या तोंडावर दगड टाकतं.

माळा_२२
विषय थोडा वेगळा पण आमच्याकडे पण हेच दुःख, गाव नाही तर पुण्यात हिंजवडीला, मायव्हानचं बांधकाम, सगळ्या भिंती काँक्रीटच्या, बाविसाव्या मजल्यावर खिडकीत फुल रेंज आणि बेडरूममध्ये शून्य. वायफाय कॉलिंगने सुटलं, फक्त हॉलमधून बेडरूममध्ये चालत गेलं की आवाज रोबोटसारखा व्हायचा, राउटर ५ गिगाहर्ट्झवर होता ते भिंतीतून जात नाही, २.४ ला जोडलं तेव्हा बरं झालं. चिऱ्याच्या भिंतीचं पण तसंच असेल ना? आणि माझ्या भावाने दुबईहून आणलेल्या फोनमध्ये वायफाय कॉलिंगचा पर्यायच दिसत नाही, ते का?

रेंजशोधक
@माळा_२२, फोनच्या आत कुठल्या देशात कुठल्या कंपनीला काय द्यायचं याची यादी असते, बाहेरून आणलेल्या काही मॉडेलमध्ये आपल्या कंपन्या त्या यादीत नसतात, मग पर्याय लपतो. सॉफ्टवेअर अपडेट आहे का बघा. डायलरमध्ये गुप्त कोड टाकून चालू करायचे व्हिडिओ खूप आहेत, भावाच्या फोनवर प्रयोग करायचे असतील तर भावाला विचारून करा.

आणि जुन्या धाग्यांमध्ये "आपल्याकडे ही सोय नाही" असं कोणी लिहिलेलं दिसलं तर ते विसरा. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जिओने जानेवारी २०२० मध्ये, व्हीआयने २०२० च्या शेवटी. वेगळे पैसे नाहीत, तुमच्या प्लानमधलीच मिनिटं.

चिरेखाण
आलो परत, शिमगा झाला, घसा बसलाय त्यामुळे टाइप करणंच बरं.

वायरमन काका, तुमचा प्रयोग जसाच्या तसा केला. बाबांना घेऊन एसटी थांब्यावर गेलो, तिथे चांगली रेंज आहे, माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला (माझं सिम दुसऱ्या कंपनीचं), एअरप्लेन मोड लावून फोन थांब्याच्या कठड्यावर ठेवून दिला. वीस मिनिटांत येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाने बाबांना विचारलं, काय हो कोणाची वाट बघताय, आणि बाबा प्रत्येकाला सांगतायत, "फोन झोपलाय, उठतो का बघतोय." मग मी लावला आणि पहिल्याच फटक्यात वाजला! अर्ध्या तासाने परत, तेव्हाही वाजला. म्हणजे घरचा डबा.

केबलवाल्याला बोलावलं तर तो मोबाईलवर स्पीड टेस्ट दाखवून "३० येतंय बघा, आमच्याकडून सगळं ओके." त्याला म्हटलं स्पीड नको रे बाबा, आणि त्याच्याच समोर प्रयोग केला, घरच्या वायफायवर पंधरा मिनिटं ठेवून फोन लावला, नाही वाजला. तेव्हा कुठे त्याला पटलं. डब्याच्या सेटिंगमध्ये त्याने जाऊन बघितलं, फायरवॉल सगळ्यात वरच्या पातळीवर होतं, ते खाली आणलं तरी फार फरक नाही, ती नोंद किती वेळ ठेवायची ते बदलायची सोयच त्या डब्यात नव्हती. शेवटी गाडीतून दुसऱ्या मेकचा डबा आणून लावला. तेव्हापासून पाच दिवस एकही कॉल चुकलेला नाही. मध्ये बाबांचा बॅटरी सेव्हर पण बंद केला होता.

वायरमन_७०
वा! पण दोन गोष्टी एकदम बदलल्यात की मग कशाने सुटलं ते कळत नाही हो. बॅटरी सेव्हर परत चालू करून एक दिवस बघा.

चिरेखाण
केला. चालू करूनही वाजतोय. डबाच होता.

आता राहिलं ते अंगणाचं. बोलता बोलता बाबा सवयीने पडवीतून अंगणात जातात, तिथे वायफाय पण संपतं आणि टॉवर पण नाही, मग कॉल तुटतो. आणि दुसरं म्हणजे लाइट गेली की सगळंच गेलं, पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दिवसदिवस जाते.

वायरमन_७०
कॉल वायफायवरून टॉवरवर सरकतो तो तिथे व्होल्टी सिग्नल असला तरच, अंगणात तो नाहीच तर सरकणार कुठे. रिपीटरच्या (वायफाय पकडून पुढे फेकणाऱ्या डब्याच्या) नादी लागू नका, माजघरातून पडवीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे एक साधा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, नोंदी घरचा डबाच ठेवेल. मोड बदलायला विसरू नका, नाहीतर एकामागे एक दोन राउटर नोंदी ठेवत बसतील.

लाइटसाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचून घ्या, बहुतेक १२ असेल, व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पण केबलवाल्याला आधी विचारा की त्याच्या गावातल्या पेटीला बॅटरी आहे का. ती नसेल तर तुमचा यूपीएस नुसता दिवा पेटवेल.

चिरेखाण
विचारलं. आहे म्हणाला, चार तास चालते. पण मागच्या पावसात ती बॅटरी उंदराने खाल्ली होती असं बाबा म्हणतायत, तर आधी पेटी उघडून दाखव म्हणून सांगितलंय त्याला.