मदत हवी आहे : 65 वॅटचा चार्जर लावूनही फोन तीन तास घेतो

माझा फोन 33 वॅटचं चार्जिंग घेतो, बॅटरी 5000 एमएएच. सोबतचा चार्जर जळाला. मग बर्डीच्या बाजारातून 65 वॅटचा पीडी (यूएसबी-सीवरून जलद चार्जिंगची सामायिक पद्धत) चार्जर आणला, लॅपटॉपलाही चालेल म्हणून. लॅपटॉप छान चार्ज होतो, पण फोनला 20 वरून 100 टक्क्यांवर यायला तीन तास लागतात. आधी तासाभरात व्हायचा.

दोन केबल बदलल्या, पोर्ट साफ केला, फोन बंद करूनही लावला. नागपूरच्या उन्हात फोन तापून चार्जिंग मंदावतं हे माहीत आहे, म्हणून रात्री कूलरसमोर ठेवून पाहिला. काहीच फरक नाही. मित्राचा अगदी हाच फोन आहे; त्याचा मूळ चार्जर आणि केबल लावली की माझा फोन लगेच वेग धरतो. म्हणजे फोन ठीक आहे.

दोन्ही चार्जरवरची बारीक अक्षरं टॉर्च मारून वाचली. जुन्यावर 5 व्होल्ट 3 अँपिअर आणि 11 व्होल्ट 3 अँपिअर. नव्यावर 5, 9, 12, 15 व्होल्टला 3 अँपिअर, 20 व्होल्टला 3.25. यात 11 नाहीच, पीपीएसचा (फोनच्या गरजेनुसार व्होल्टेज थोडं-थोडं कमी-जास्त करणारी पीडीमधली सोय) उल्लेखही नाही. मेळ बसला नाही तर फोन 5 व्होल्टवर येतो हे समजलं, पण मग निदान 15 वॅट तरी मिळायला हवेत ना? तीन तास म्हणजे दहाच्याही खाली.

मूळ चार्जर इथे मिळत नाहीये, बजेट 1500. पीपीएसवाला घेतला तर फोन वेग धरेल, की कंपनीचाच लागेल? आणि फोन पीपीएस घेतो का, हे विकत घेण्याआधी कसं तपासायचं?