हर्शेल कॅरोसेल म्युझियम: मराठी शाळेची सहल कशी आखावी?

रविवारची_ताई
नमस्कार मंडळी. बफेलोजवळच्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेची २२ मुलं (वय ६ ते ११) आणि चार-पाच आजी-आजोबा यांना नॉर्थ टोनावांडाच्या हर्शेल कॅरोसेल फॅक्टरी म्युझियमला न्यायचं आहे. कॅरोसेल म्हणजे लाकडी घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा; ते जिथे बनायचे त्या कारखान्याचं हे संग्रहालय. कॅनडातल्या हॅमिल्टनकडची तीन कुटुंबंही येणार आहेत. गेल्या वर्षी एका वेगळ्या संग्रहालयात मुलांना तासभर उभं करून माहिती ऐकवली, धाकटी रडकुंडीला आली. यंदा तसं व्हायला नको. कुणी गट घेऊन गेलंय का?

सुतारनातू
ताई, मी दोनदा मुलं नेली आहेत. आधी त्यांना घोड्यावर बसू द्या, मग बोला. तिथे १९१६ चा फिरता कॅरोसेल आहे, त्याच कारखान्यात बनलेला. मनात घोडा घोळत असताना मूल एका जागी उभं राहत नाही.

माझे आजोबा नागपूरकडचे सुतार. तान्ह्या पोळ्याला चाकांचे लाकडी नंदी करायचे, एका ठोकळ्यातून. म्हणून कॅरोसेलचा घोडा आतून पोकळ असतो हे कळल्यावर मी थबकलोच. बासवुड नावाच्या मऊ लाकडाच्या फळ्या चिकटवून पेटीसारखं धड करतात. मान, डोकं, पाय वेगळे कोरून त्याला जोडतात. भरीव घोडा जड झाला असता, आणि एवढं जाड लाकूड वाळताना तडकतं. मुलांना आधी नंदी हातात द्या, मग विचारा, घोडा असा का नाही केला? माझ्या गटातल्या एका सात वर्षांच्या मुलीने बरोबर ओळखलं.

एक खेळही करा. घोड्याच्या दोन्ही बाजू नीट बघायला सांगा. अमेरिकेतले कॅरोसेल घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून घोड्याची उजवी बाजू बाहेर, लोकांसमोर येते. सगळी नक्षी, फुलं, खोगिराची झालर त्याच बाजूला. आतली बाजू साधी. इंग्लंडात चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं आणि नक्षी डावीकडे जाते. मुलं हे शोधायला धावतात.

आणि कॅरोसेलसोबत आपोआप वाजणारं वाद्य चुकवू नका. अशी वाद्यं बनवणाऱ्या वुर्लिट्झर कंपनीचा कारखानाही याच गावात होता. त्या वाद्यांच्या सुरांच्या कागदी गुंडाळ्यांना भोकं पाडणारी यंत्रं संग्रहालयात आहेत. भोक आलं की हवेची वाट उघडते, झडप हलते, नळी वाजते. जायच्या आधीच्या रविवारी कागदाच्या पट्ट्या आणि पंच घेऊन मुलांना स्वतःची ‘गुंडाळी’ करू द्या. ज्यांना येता येणार नाही, त्यांनाही सहलीचा वाटा मिळतो. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

ओंटारियोचा_बाबा
हॅमिल्टनकरांना आत्ताच सांगा: सीमा ओलांडायची तर प्रत्येक मुलाची कागदपत्रं हवीत. कॅनडाचं नागरिकत्व असलेल्या १६ वर्षांखालच्या मुलाला गाडीने जाताना जन्मदाखलाही चालतो, बाकीच्यांना पासपोर्ट लागतो. आई-वडील सोबत नसतील तर दोघांच्या सहीचं संमतिपत्रही ठेवा. आमची गाडी यासाठीच अडली होती.

आजीची_नात
फोन करून गट नोंदवा. त्या दिवशी कॅरोसेल चालू असेल ना, आणि आजी-आजोबांना बसायला जागा आहे ना, हे दोन्ही विचारा. मुलांचे दोन गट करा. एक कोरीव कामाकडे, दुसरा घोड्यांकडे, मग अदलाबदल. संग्रहालयाचं माणूस तुमच्या शाळेत येऊन कार्यशाळा घेऊ शकेल का, हेही त्याच फोनवर विचारून बघा.

रविवारची_ताई
सुतारनातू, नंदीची कल्पना मनापासून आवडली. आमच्या एका आजींकडे त्यांच्या मुलाचा तान्ह्या पोळ्याचा नंदी अजून आहे, एक चाक निघालेलं. त्याच दाखवतील आणि मराठीतच सांगतील. कागदाच्या पट्ट्या या रविवारीच कापायला घेते. संमतिपत्राचा नमुना कुणाकडे मराठी-इंग्रजी दोन्हीत असेल तर इथे टाका.