मदत हवी आहे: हेडफोन अॅम्पच्या ९ व्होल्ट बॅटऱ्या अडीच तासांत बसतात. डिस्चार्ज-चार्जची बरोबर पद्धत कोणती?

निपाणी_नाका

नमस्कार मंडळी. ओपीए २१३४ या आयसीवर बांधलेला सीमॉय पद्धतीचा (घरी करता येणारा, छोटा) पोर्टेबल हेडफोन अॅम्प आहे. दोन चौकोनी ९ व्होल्ट निकेल मेटल हायड्राइड बॅटऱ्या, मधला जोड ग्राउंडला. बॅटरीवर ८.४ व्होल्ट, २०० एमएएच छापलंय. आधी एका चार्जवर पंधरा-सोळा तास चालायचा, आता अडीच तासांत दोन्ही कानांत आवाज फाटतो.

चार्जर बाजारातला साधा, थेट सॉकेटमध्ये खोचायचा. त्यावर ना एमए (मिलिअॅम्पिअर) लिहिलंय ना तास, लाल दिवा मात्र कायम पेटलेला. मेमरी (अर्धवट वापरून चार्ज केल्यानं बॅटरी कमी भरायला लागते ती सवय) जावी म्हणून अधूनमधून टॉर्चचा बल्ब लावून, तो विझेपर्यंत बॅटऱ्या रिकाम्या करतो. चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर मीटरवर एक ९.३ दाखवते, दुसरी ८.०. बॅटऱ्या गेल्या का? आणि चार्जर घरी करायचा तर काय काय आणू? निपाणीत सगळे पार्ट मिळत नाहीत, बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं, म्हणून यादी एकदाच सांगा की.

ओहमचा_नियम

तुमच्या दोन आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. ८.४ ला १.२ ने भागा, म्हणजे आत ७ सेल. ९.३ भागिले ७ म्हणजे सेलला १.३३. आता ८.० ला ६ ने भागून बघा, तेच १.३३ येतंय. दुसऱ्या बॅटरीतला एक सेल आतून शॉर्ट झालाय, बाकीचे सहाच सेल काम करतायत.

पण नुसता एक सेल गेला म्हणून अडीच तासांत आवाज फाटायला नको. ओपीए २१३४ हा ±२.५ व्होल्टपर्यंत खाली उतरलं तरी चालतो. आयसीचे दोन्ही भाग मिळून ८ एमए, एलईडीचे २ धरा, ऐकताना हेडफोनचे थोडे वर. या हिशेबानं सहा सेलवरही बराच वेळ चालला पाहिजे. म्हणजे उरलेल्या सेलांचीही ताकद संपलीय, आणि त्याला तुमचा बल्ब आणि तो कायम पेटलेल्या दिव्याचा, न थांबता चार्ज करत राहणारा चार्जर दोन्ही जबाबदार.

बल्बचं असं होतं. सातही सेल अगदी सारखे कधीच नसतात. सर्वांत कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे सहा त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज होतो. आत गॅस तयार होतो, व्हेंट उघडते, पाणी उडून जातं. बल्ब विझेपर्यंत थांबणं म्हणजे दर वेळी एका सेलचा बळी. मेमरी ही मुख्यतः निकेल कॅडमियमची तक्रार. मेटल हायड्राइडमध्ये ती नगण्य, त्यामुळं "मेमरी घालवायला" डिस्चार्ज करूच नका.

डिस्चार्जचा खरा उपयोग वेगळा आहे. साधा चार्जर तासांवर चालतो. बॅटरीत आधीच किती शिल्लक आहे ते कळत नसेल तर तास मोजून उपयोग काय? म्हणून सेलला १ व्होल्टपर्यंत, म्हणजे ७ सेलला ७.० व्होल्टपर्यंत उतरवायचं आणि तिथून तास मोजायचे. त्याच्या खाली जायचं नाही.

लोडला २२० ओहम, १ वॅट रेझिस्टर घ्या. ८.४ व्होल्टवर ३८ एमए जातात, भरलेली चांगली बॅटरी पाच तासांच्या आसपास पुरते. व्होल्टेज रेझिस्टर लावलेला असतानाच मोजायचं. काढून मोजलं तर मेलेली बॅटरीही ९ दाखवते. हीच तब्येतीची तपासणी: चार्ज करून लोड लावला, एक मिनिटानं ८.४ ते ८.८ असेल तर ठीक. लगेच ७.५ च्या खाली बसली तर नवीन जोडी आणा. एकच बदलू नका, जुनी आधी रिकामी होईल आणि त्या बाजूची रेल (अॅम्पला मिळणारं व्होल्टेज) बसेल.

खानापूर_पाऊस

मीटर धरून कोण बसणार पाच तास! त्याला सोपा उपाय आहे. १एन ४७३६ए हा ६.८ व्होल्ट, १ वॅटचा झेनर (ठरावीक व्होल्टच्या वरच उलटा करंट सोडणारा डायोड) आणि ४७ ओहम, अर्धा वॅट रेझिस्टर सिरीजमध्ये बॅटरीवर टाका. झेनरची पट्टीची बाजू प्लसकडं. ८.४ ला ३४ एमए, ७.५ ला १५ एमए, ६.८ जवळ आलं की करंट जवळपास थांबतो. रात्री विसरलात तरी सेल उलटा होत नाही. झेनरमध्ये ५ टक्के इकडंतिकडं असतं, म्हणून घेताना दोन-तीन घ्या आणि मोजून ६.८ च्या जवळचा वापरा. पट्टी उलटी लावली तर झेनर साध्या डायोडसारखा वागतो आणि बॅटरी शून्याकडं निघते, तेवढं बघा.

ओहमचा_नियम

झेनरची युक्ती मस्त. आता चार्जर.

एलएम ३१७ हा रेग्युलेटर आयसी करंट सोर्स म्हणून, म्हणजे ठरलेला करंट देणारा, जोडायचा. आऊटपुट पायाला रेझिस्टर, रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला अॅडजस्टचा पाय, तिथूनच १एन ४००७ डायोडमधून बॅटरीच्या प्लसला. करंट म्हणजे १.२५ भागिले रेझिस्टर. २०० एमएएचला दहावा भाग २० एमए, म्हणजे ६२.५ ओहम. तो आकडा मिळत बसणार नाही, ६८ ओहम घ्या, १८.४ एमए येतील. पूर्ण उतरवलेल्या बॅटरीला १५ ते १६ तास. दीडपट भरावं लागतं, कारण आत गेलेला सगळा करंट साठत नाही, काही उष्णता होतो.

छापील बाजू आपल्याकडं धरली की पाय डावीकडून अॅडजस्ट, आऊटपुट, इनपुट. पाठीचा पत्रा आऊटपुटला जोडलेला असतो, डबीला टेकू देऊ नका. हीटसिंक लागत नाही. दोन बॅटऱ्यांना दोन वेगळे एलएम ३१७ करा, पॅरलल जोडून एकावर भागवू नका.

डायोड मध्येच वीज गेली तर त्यासाठी आहे, नाहीतर बंद अॅडॉप्टरमधून बॅटरी उलटी रिकामी होत राहते.

निपाणी_नाका

होय ओ, हे पटलं. घरात राउटरचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर पडून आहे. तो चालेल काय?

ओहमचा_नियम

नाही. चार्ज होत आलेली ७ सेलची बॅटरी १०.२ च्या आसपास जाते. त्यावर डायोडचे ०.७, रेझिस्टरचे १.२५, एलएम ३१७ चे स्वतःचे साधारण २. बेरीज १४ च्या वर. १५ व्होल्टचा घ्या, १८ चा असला तरी चालेल. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या १२ व्होल्ट अॅडॉप्टरवर काहींचं काम होतं, कारण कमी लोडला तो १५-१६ देतो. राउटरचा नेमका १२ देतो.

खात्री करायची तर मीटर ६८ ओहमच्या दोन टोकांना लावा. १.२५ व्होल्ट दिसले म्हणजे करंट बरोबर. शेवटच्या तासांत आकडा १.० वर घसरला तर अॅडॉप्टर कमी पडतोय.

खानापूर_पाऊस

तासांसाठी खुंट्यांचा मेकॅनिकल टायमर घ्या, डिजिटल नको. आपल्याकडं पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नाही. मेकॅनिकलची मोटर विजेवरच फिरते, वीज गेली की तोही थांबतो, म्हणून चार्जचे तास बरोबर भरतात. आतल्या बॅटरीवर चालणारा डिजिटल घड्याळाप्रमाणं बंद होतो आणि बॅटरी अर्धी राहते.

दुसरं, बॅटरीला लागणाऱ्या स्नॅपचे टाके तपासा. दमट हवेत हिरवट थर चढतो आणि बॅटरी चांगली असून रेल बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरे. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी चार्ज करू नका, गरम सेल चार्ज नीट घेत नाही.

शहापूर_सर्किट

एवढा खटाटोप कशाला, हल्ली यूएसबीनं चार्ज होणाऱ्या लिथियमच्या ९ व्होल्ट मिळतात की. त्या टाका.

ओहमचा_नियम

अनेकांच्या आत कन्व्हर्टर असतो, शेवटपर्यंत ९ देतो आणि एकदम बंद पडतो. स्विचिंगचा बारीक आवाज संवेदनशील इअरफोनमध्ये येऊ शकतो. शिवाय दोन्ही एकाच क्षणी बंद होत नाहीत. एक आधी गेली की आऊटपुटवर डीसी येऊन हेडफोनला धक्का बसतो. घेतल्याच तर वरच्या चार्जरवर अजिबात लावू नका, लिथियमला तो धोकादायक आहे.

निपाणी_नाका, अजून एक. चार्जिंगचा सॉकेट डबीलाच बसवणार असाल तर चार्ज करताना अॅम्प लॅपटॉपला जोडू नका. तुमचं ग्राउंड दोन बॅटऱ्यांच्या मध्ये आहे, चार्जरचं मायनस खालच्या टोकाला. दोन्हीकडं अर्थिंग जुळलं तर खालची बॅटरी शॉर्ट होते. दोन पोलचा, दोन बाजूंचा स्विच बसवा: एका बाजूला अॅम्प, दुसऱ्या बाजूला चार्जर. बॅटरीची दोन्ही बाहेरची टोकं स्विचच्या मधल्या पायांवर. मधला जोड चार्जरकडं न्यायचा असेल तर तीन पोलचा स्विच लागेल.

निपाणी_नाका

मग यादी अशी करतो: नवीन जोडी, एलएम ३१७ दोन, ६८ ओहम दोन, १एन ४००७ दोन, ४७ ओहम आणि झेनर तीन, २२० ओहम १ वॅट एक, १५ व्होल्ट अॅडॉप्टर, मेकॅनिकल टायमर, स्विच. काही राहिलं का?

ओहमचा_नियम

अॅडॉप्टर एकच घेताय, बॅटऱ्या मात्र सिरीजमध्ये आहेत. त्या तशाच जोडलेल्या राहिल्या तर एकाच १५ व्होल्टवर दोन्ही चार्जर चालणार नाहीत. दोन अॅडॉप्टर घ्या, नाहीतर बॅटऱ्या डबीतून काढून वेगवेगळ्या चार्ज करा. काढून करणार असाल तर त्या स्विचचीही गरज नाही, पैसे वाचतील.